स्वतःची गोष्ट एकट्याने गाताना प्रेक्षकांचा प्रतिसाद कसा ओळखावा

सहाव्या प्रयोगाला लोक हसले, आणि तेही नेमके अण्णांची पायपेटी विकली जाते तिथे.

माझे वडील संगीत नाटकांना पायपेटीची, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायच्या हार्मोनियमची, साथ करायचे. दिवसा मिरजेत एका दुकानात हिशेब लिहायचे आणि नाटक असेल त्या रात्री पेटीवर बसायचे. माझ्या एकटीच्या प्रयोगात ती पेटी दिसत नाही, नुसतं रिकामं स्टूल असतं. मी त्यावर बसते, हात मांडीवर ठेवते आणि पाय भाता मारत राहतात. डावा, उजवा, डावा, उजवा. पेटी गेल्यावर कितीतरी महिने अण्णा रात्री जेवण झालं की खाटेच्या कडेला बसायचे आणि त्यांचे पाय असेच हलायचे. त्यांच्या ते लक्षातही येत नसे. आई जवळ येऊन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची, तेव्हा थांबायचे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

त्या रात्री मी पाय हलवायला लागले आणि मागच्या रांगांतून हसू आलं, चांगलं मोकळं, खळखळून. पुढचं पद मी कसं म्हटलं ते मला आठवत नाही. घरी येऊन ठरवलं की हा प्रसंग काढून टाकायचा. माझ्या वडिलांवर मी कुणाला हसू देणार नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या लाइटवाल्या मुलाने त्याच्याकडची संहिता उघडून माझ्यापुढे ठेवली. त्या प्रसंगाच्या आधीचं पद आहे कंपनीच्या गाडीचं. मध्यरात्री घाटात गाडी बंद पडते आणि तोंडाचा रंगही न पुसलेले नट ती ढकलत नेतात. लोक त्याला पोट धरून हसतात. पद दादरा तालात आहे. ते संपल्यावर तबला थांबलाच नव्हता, त्याच लयीत पुढे चालू होता, आणि माझे पाय त्याच दादऱ्यावर पडत होते. लोक अजून घाटात गाडी ढकलत होते! त्यांना वाटलं, तीच गंमत पुढे चालली आहे. अण्णांवर कुणीच हसलं नव्हतं.

सातव्या प्रयोगापासून गाडीचं पद संपलं की तबला बंद. मी स्टुलापर्यंत चालत जाते, बसते, पदर सारखा करते आणि मग पाय हलवते, कुठल्याही लयीत न बसवता. त्यानंतर आजवर तिथे एकदाही हसू आलेलं नाही.

ज्यांनी स्वतःच्या आयुष्यावर एकट्याने करायचा संगीत प्रयोग लिहिला आहे, किंवा लिहायला घेतला आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. माझे एक्केचाळीस प्रयोग झाले. मिरज, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, पुणे, ठाणे, मोठ्या नाट्यगृहांत आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा. एक तास चाळीस मिनिटं, अकरा पदं, साथीला तबला आणि एक साधी हार्मोनियम. प्रेक्षक आपल्याला खरं सांगत असतात, पण ते तोंडाने क्वचित सांगतात, आणि आपली गोष्ट असल्यामुळे आपल्याला ते ऐकणं फार जड जातं. म्हणून ऐकण्याची थोडी व्यवस्था लावावी लागते.

दाद कशाला मिळाली ते आधी ओळखा

एका माणसाने उभं राहून गात, बोलत गोष्ट सांगणं आपल्याकडे नवीन नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं, मध्ये बुवांना हार घालून बुक्का लावतात, नामाचा गजर होतो, मग उत्तररंगात आख्यान. श्रोत्याने कुठे टाळी धरायची, कुठे गजरात सूर मिसळायचा, हे त्याला लहानपणापासून माहीत असतं. संगीत नाटकाच्या प्रेक्षकालाही माहीत असतं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं, तिथून पुढे पिढ्यान्‌पिढ्या लोक पदं ऐकायला नाटकाला गेले. वन्स मोर आला की दुःखात बुडालेली नायिका तेच पद पुन्हा म्हणायची, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. दुःख नायिकेचं होतं आणि गाणं नटाचं. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली होती, आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. त्यांचं स्वतःचं दुःख पडद्याआडच राहिलं.

आपण नेमकं तेच पडद्यापुढे आणतो. त्यामुळे समोरच्याची पंचाईत होते. टाळी वाजवायची तर कशाला? बाई सुंदर गायली म्हणून, की तिचे वडील गेले म्हणून? ही पंचाईत त्यांची असली तरी सोडवायची आपल्याला.

गाण्याला मिळालेली दाद ओळखणं सोपं आहे. समेवर माना येतात, पुढच्या दोन-तीन रांगांतून ‘वा’ येतं, आणि ते बहुतेकदा ओळ पुरी व्हायच्या आधीच येतं. गोष्टीला मिळालेली दाद याच्या उलट असते. माना हलत नाहीत. साडीची सळसळ, खुर्चीची कुरकुर, खोकला, सगळं एकदम थांबतं, आणि टाळी आलीच तर उशिरा येते. तिसरीही एक दाद असते, ती मायेची. ‘बिचारी एकटी उभी आहे, स्वतःचं सांगते आहे’ म्हणून दिलेली. तिची खूण अशी की ती प्रत्येक पदाला सारखीच येते. अकराच्या अकरा पदांना एकाच मापाची टाळी मिळाली तर घरी जाऊन आनंद करू नका, संहिता काढून बसा.

माझ्या बाबतीत ही गफलत कुठे होत होती ते सांगते. चौतिसाव्या वर्षी माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी बोलणंच बंद करायला सांगितलं, गाणं तर दूरची गोष्ट. प्रयोगात हा प्रसंग मध्यंतरानंतर लगेच येतो आणि त्यावर मी एक मोठं, तानांनी भरलेलं पद बांधलं होतं. सांगलीच्या प्रयोगाला त्यातल्या एका तानेवर समोरून खणखणीत ‘क्या बात है’ आलं. मनापासूनची दाद होती, आणि त्या क्षणी मला ती गोडही वाटली. पण रात्री बसमध्ये लक्षात आलं की मी शब्दांत सांगत होते ‘माझा आवाज गेला’, आणि गळा सांगत होता ‘बघा, कसा टवटवीत आहे’. ऐकणाऱ्याने गळ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये?

आता त्या जागी पाच सुरांत फिरणारं, तान नसलेलं पद आहे, तेही एक सूर खाली. तबला नाही. तिथली ‘वा’ बंद झाली. एक जाणकार काका मला म्हणालेही, ‘पहिलं पद काय होतं! ते का काढलंत?’ त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे, ते गाणं ऐकायला येतात. पण आता त्या पदाच्या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत कुणी हलत नाही, आणि मला तिथे तेच हवं होतं.

नोंद कुणी घ्यायची

तुम्ही स्वतः नाही, आणि घरच्यांनी तर नाहीच. रंगमंचावरून आपल्याला स्पॉटच्या पलीकडचं दिसत नाही. घरचं माणूस प्रेक्षकांकडे न पाहता आपल्याकडेच पाहत बसतं.

सगळ्यात चांगला नोंद घेणारा म्हणजे तुमचा लाइट करणारा. त्याच्यापुढे संहिता असते, दिवा असतो, तो सगळ्यांच्या मागे बसलेला असतो आणि संकेतांसाठी ओळन्‌ओळ वाचत असतो. त्याला संहितेची वेगळी प्रत द्या, उजवीकडे तीन बोटं समास सोडून छापलेली. आमच्या खुणा साध्या आहेत. ‘ह’ म्हणजे हसले, ‘टा’ म्हणजे टाळी, ‘खो’ म्हणजे खोकला आणि खुर्च्यांची कुरकुर, ‘मो’ म्हणजे मोबाइलचा उजेड दिसला, आणि नुसती आडवी रेघ म्हणजे पूर्ण शांत. ‘छान’, ‘रटाळ’ असले शेरे लिहायचे नाहीत. मत द्यायचं नाही, दिसलं ते टिपायचं. प्रत्येक प्रयोगाची प्रत वेगळी ठेवा आणि वर ठिकाण, वार, वेळ आणि अंदाजे किती लोक होते ते लिहा.

दुसरं साधन म्हणजे एक फोन, विमानात करतो तसा फ्लाइट मोडवर टाकून, रेकॉर्डिंग लावून रंगमंचाच्या कडेला, तोंड प्रेक्षकांकडे करून ठेवायचा. घरी ऐकताना स्वतःचं गाणं ऐकायचं नाही, हे फार अवघड आहे. प्रेक्षकांचा आवाज ऐकायचा. हसू पुढून आलं की मागून? आधी बायका हसल्या की पुरुष? टाळी दोघांनी सुरू केली आणि बाकीचे मागून आले, की सगळीकडून एकदम पडली?

कुठल्याही निष्कर्षाआधी माइकची चौकशी करा. कोल्हापूरच्या एका प्रयोगाला मागचा अर्धा प्रेक्षक सुरुवातीपासून चुळबुळत होता. मी मनाशी ठरवून टाकलं की इथे माझी गोष्ट लागू पडत नाही. मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या आजींनी तबलजी काकांना विचारलं, ‘बाईंचा आवाज मागं येत नाही, तेवढं जरा बघा की.’ मागचे दोन स्पीकर बंदच होते. दुसऱ्या अंकात तीच माणसं, त्याच खुर्च्या, आणि पुढे सगळ्या समासांत आडवी रेघ.

वेळेचाही फरक पडतो. रविवारी दुपारचा प्रेक्षक जेवून आलेला असतो, पहिली वीस मिनिटं त्याला हसू उशिरा येतं. संध्याकाळी साडेपाचचा ज्येष्ठांचा प्रयोग असेल तर ते बोलून दाद देतात, एकमेकांना विचारतात, ‘काय म्हणाली?’ तो व्यत्यय समजू नका.

प्रयोग चालू असताना

बेळगावला असंच झालं. आवाज बंद होता त्या तीन महिन्यांतला एक छोटा प्रसंग आहे. आई स्वयंपाकघरातून विचारते, ‘जेवलीस का गं?’ आणि मला बोलायची बंदी म्हणून मी उत्तर देऊ शकत नाही. ती पुन्हा विचारते. मी नुसती उभी राहते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक म्हाताऱ्या आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘नाही हो जेवली ती.’

क्षणभर सभागृहाने श्वास रोखला. हसावं की नाही, कुणालाच कळेना. अशा वेळी दोन चुका होतात. एक, ऐकलंच नाही असं दाखवून पुढची ओळ म्हणायची. दुसरी, त्यावर काहीतरी चटपटीत बोलून टाळी घ्यायची. दुसरी जास्त वाईट, कारण त्यात त्या बाईंचा बळी जातो. मी त्यांच्या दिशेने वळले, तेवढंच. मग आईचा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, हळू, जणू आईने ते ऐकलं होतं. संहितेत प्रश्न दोनदाच होता. आता तीनदा आहे, बेळगावच्या आजींमुळे.

वन्स मोरचं आधीच ठरवून ठेवा, आणि साथीदारांशी बोलून ठरवा. आमचा नियम असा की गाडीच्या पदाला आला तर एकदा घ्यायचा, तोही शेवटच्या अंतऱ्यापुरता. मध्यंतरानंतर कुठेही घ्यायचा नाही. लोक हट्ट धरतात, विशेषतः सांगली-मिरजेकडे, जिथे घराघरांत संगीत नाटकाचे कान आहेत. तेव्हा हात जोडून, मान लववून पुढच्या वाक्यावर जायचं. हात जोडताना रंगमंचावरचं पात्र सोडायचं नाही. त्या वेळी मी जर अकरा वर्षांची असेन तर नमस्कारही अकरा वर्षांच्या मुलीचाच झाला पाहिजे.

फोन वाजला तर थांबू नका. दोनदा वाजला तर थांबा, बंद होईपर्यंत शांत उभ्या राहा, बोलू नका.

समोर कुणी रडत असेल तर त्या माणसाकडे पाहू नका. स्पॉटमुळे फार दिसत नसलं तरी पहिल्या दोन रांगा दिसतात, आणि डोळे त्याच चेहऱ्याकडे ओढले जातात. मग आपण नकळत त्याच्यासाठी म्हणायला लागतो, आणि उरलेले तीनशे लोक गोष्टीतून बाहेर पडतात. मी माझी नजर दाराच्या वरच्या लाल दिव्यावर ठेवते. आपल्याच गळ्यात आवंढा आला तर? यायचाच. त्यासाठी प्रयोगात पाणी पिण्याची एक हक्काची जागा ठेवा, प्रसंगाचा भाग म्हणून. माझ्याकडे आईचा तांब्या आहे. तो नेमक्या त्या दोन जागी ठेवलेला असतो जिथे माझा गळा मला दगा देतो.

रंगपटात भेटायला येणारे

‘छान झालं’, ‘डोळ्यांत पाणी आलं’, ‘आमच्या मंडळात करा ना’. या प्रेमाचे मनापासून आभार माना, पण त्यातून कामाचं काही हाती लागत नाही. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचं एकच उत्तर येतं. मी हे विचारते: ‘उद्या शेजारणीला सांगायचं झालं तर कुठला प्रसंग सांगाल?’ आणि ‘घड्याळ कुठे पाहिलंत?’ दुसऱ्या प्रश्नाला लोक आधी संकोचतात, मग खरं सांगतात. माझ्या शाळेतल्या नोकरीचा भाग सात मिनिटांचा होता. पाच वेगवेगळ्या गावी पाच जणांनी तिथे घड्याळ पाहिलं होतं. आता तो दीड मिनिटाचा आहे.

बरेच लोक मात्र तुमच्याविषयी बोलायला येतच नाहीत. स्वतःचं सांगायला येतात. कुणाच्या वडिलांनी शेत विकलं, कुणाच्या आईने मंगळसूत्र मोडलं, कुणाचं शिक्षण सुटलं. ठाण्याला एक गृहस्थ हातात हात धरून दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग ‘आमच्याकडे सतार होती’ एवढंच म्हणून गेले. माझ्या मते कुठल्याही परीक्षणापेक्षा ही मोठी दाद आहे. यासाठी वेळ राखून ठेवा. चेहऱ्याचा रंग पुसायची घाई नको. रंगपटात दोन रिकाम्या खुर्च्या आणि पाण्याची बाटली असू द्या. आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगते: त्यांनी सांगितलेलं पुढच्या प्रयोगात वापरायचं नाही, नाव बदलूनही नाही. त्यांनी ते तुम्हाला दिलं, तुमच्या प्रेक्षकांना नाही.

तुमच्या गोष्टीत आत्महत्या, अत्याचार असं काही असेल तर कुणीतरी प्रयोगानंतर कोसळू शकतं, हे धरून चला. आधी घोषणेत स्पष्ट सांगा, म्हणजे ज्याला झेपणार नाही त्याला उठून जाता येईल. बाहेर तिकिटाच्या खिडकीशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. आपण डॉक्टर नाही. हात धरून बसणं आणि योग्य ठिकाणी पोहोचवणं एवढंच आपल्याला येतं, आणि तेवढं नक्की करावं.

घरची माणसं प्रेक्षकांत बसतात तेव्हा

इथे मी मोठी चूक केली, म्हणून इथे जरा थांबते.

संहिता लिहून झाली तेव्हा मी ती कुणालाच वाचून दाखवली नाही. वाटलं, माझी गोष्ट आहे, मी सांगेन. ताईने ती थेट दुसऱ्या प्रयोगाला ऐकली, मिरजेत, चौथ्या रांगेत बसून. तेव्हा प्रयोगात असं होतं की माझ्या गाण्याच्या क्लासची फी भरायला अण्णांनी पायपेटी विकली. पुढचं सगळं त्यावर उभं होतं. ज्या गाण्यासाठी त्यांनी पेटी दिली, तोच माझा आवाज गेला, ही माझ्या आयुष्यभराची बोच.

ताई रंगपटात आली नाही. लाइटवाल्या मुलाने सांगितलं की शेवटी सगळे उभे राहिले, चौथ्या रांगेतल्या एक बाई बसून होत्या. दोन दिवसांनी तिचा फोन आला. ती म्हणाली, ‘पेटी तुझ्या फीसाठी नाही विकली. आजीच्या ऑपरेशनसाठी विकली. मी तिथं होते. तू झोपली होतीस.’

मी भांडले. मग रडले. आईला विचारावं, तर ती आता कुणाला ओळखत नाही. अण्णा कधीच गेले. पेटी विकल्याची पावती नाही, साक्षीदार नाही. ताई खोटं बोलणारी नव्हे, आणि मलाही ती फीची गोष्ट कुणीतरी सांगितलेली होती, मी ती रचलेली नव्हती. तीन आठवडे मी प्रयोग लावला नाही. शेवटी ताईकडे गेले, संहिता घेऊन बसले, आणि तिने सांगितलेलं तसंच्या तसं आत लिहिलं. आता ती जागा अशी आहे: ‘मला सांगितलं गेलं, माझ्या फीसाठी विकली. ताई म्हणते, आजीच्या ऑपरेशनसाठी. आम्ही दोघी एकाच खोलीत वाढलो.’ यानंतर मी काहीच गात नाही. मोजून चार श्वास.

या ओळीला लाइटवाल्या मुलाला नवी खूण काढावी लागली. तो तिथे ‘व’ लिहितो, म्हणजे वळले. लोक शेजारच्याकडे वळून पाहतात. बहीण भावाकडे, बायको नवऱ्याकडे. मिरज असो की पुणे, दर प्रयोगाला. घराघरांत अशी एक पेटी असते, आणि ती कशासाठी गेली याच्या दोन गोष्टी असतात. मी एकटीच बरोबर होते तोपर्यंत हे लोक माझ्याकडे पाहत बसले होते.

तेव्हा, तुमच्या गोष्टीत जी जिवंत माणसं आहेत त्यांना प्रयोगाच्या आधी घरी वाचून दाखवा. गाऊ नका, नुसतं वाचा, कारण गाणं सुरू झालं की माणूस हरकत घेऊ शकत नाही. ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘यातलं काय नको?’ आणि ‘यातलं काय तसं नव्हतं?’ हे दोन प्रश्न विचारा. ही वाचनं संहिता मंजुरीसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या सेन्सॉरकडे) पाठवायच्या आधीच उरकून घ्या. ज्याने तुम्हाला दुखावलं अशा माणसाचा प्रसंग असेल तर नाव, गाव, व्यवसाय तिन्ही बदला. माझ्या प्रयोगात एक शिक्षक आहेत ज्यांनी माझा गळा ताणून ताणून बिघडवला. ‘ते कोण हो?’ हे मला प्रत्येक गावात विचारतात. मी म्हणते, ‘प्रयोगात आहेत तेवढेच.’

ताई आता अधूनमधून येते. त्या ओळीला ती खाली बघते. टाळी वाजवत नाही, आणि ती वाजवावी असं मला वाटतही नाही.

बदल कधी करायचा

कारण सापडल्याशिवाय एका रात्रीच्या प्रतिसादावर काहीही बदलू नका. पाय हलवायचा प्रसंग मी त्या रात्री काढला असता तर आज प्रयोगात अण्णाच नसते. एकाच जागी तीन वेगळ्या गावांत तीच खूण आली तर तिथे हात घाला. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि बदल करताना आधी त्या जागेच्या मागची पाच मिनिटं तपासा. माझा अनुभव असा की लोक जिथे निसटतात तिथे चूक क्वचित असते. ती त्याआधीच्या पदात, लयीत, नाहीतर नको तितक्या लांबलेल्या अंतऱ्यात असते.

काही जागा मात्र कुणी काहीही म्हणो, ठेवायच्या. माझ्याकडे अशी एक आहे, नांदी. नांदी नाटकाच्या सुरुवातीला असते, मी ती शेवटी म्हणते. अण्णांनी मला शिकवलेली ती पहिली गोष्ट आणि आता माझ्याजवळ उरलेली शेवटची. ‘नांदीने कुणी शेवट करतं का?’ असं मला अनेकांनी विचारलं आहे. ती तिथेच राहील.

नांदी संपल्यावर टाळी उशिरा येते. लाइटवाल्या मुलाने मोजलेले सेकंद त्याच्या प्रतींवर आहेत: चार, सात, तीन, नऊ. सुरुवातीच्या प्रयोगांत शेवटच्या ‘सा’वर तो सभागृहातले दिवे लावायचा आणि टाळी तत्काळ पडायची, कारण दिवे लागले म्हणजे टाळी वाजवायची असते. ती टाळी दिव्यांना होती. आता त्याच्या संहितेत लाल पेनाने लिहिलेलं आहे, ‘पहिल्या टाळीनंतर दिवे’. तोवर स्पॉट त्या रिकाम्या स्टुलावर राहतो. पडदा ओढणारा माणूस मात्र दर नाट्यगृहात वेगळा असतो. त्याला हे माहीत नसतं आणि तो सवयीने पडदा सोडतो. तिसऱ्या घंटेच्या आधी त्याच्याकडे स्वतः जा आणि सांगून या.